खाते थकण्यापूर्वीचे इशारे



कर्जाचा हप्ता ९० दिवसांहून अधिक थकला की बँक ते खाते अनुत्पादक ठरवते. अनुभवी अधिकाऱ्यास मात्र त्याची चाहूल आधीच लागते : उलाढाल मंदावते, धनादेश वटत नाहीत, मालसाठ्याचे विवरण उशिरा येते. मधुमेहाचेही तसेच आहे. तपासणीत साखर वाढलेली दिसते, तेव्हा आतील बिघाड कित्येक वर्षांचा असतो. त्याचे पूर्वसंकेत रक्तात वाचता येतील काय, याचा शोध सध्या चालू आहे.

त्या शोधाच्या केंद्रस्थानी मायक्रोआरएनए हे सुमारे २२ दुव्यांचे सूक्ष्म रेणू आहेत. प्रथिन तयार करण्यासाठी जनुकाने पाठविलेल्या हुकुमास चिकटून ते त्याची अंमलबजावणी रोखतात. जणू धनादेशावरील ‘अदायगी थांबवा’ ही सूचनाच. १९९३ मध्ये व्हिक्टर अँब्रोस व गॅरी रुव्कुन यांनी एका चिमुकल्या कृमीतील अशा रेणूचे कार्य उलगडले. त्यासाठी त्यांना २०२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

हे रेणू रक्तातही टिकून राहतात, कारण ते सूक्ष्म पिशव्यांत किंवा प्रथिनांच्या आश्रयाने वाहतात. इटलीतील ब्रुनेक गावच्या रहिवाशांवरील अभ्यासात, २०१० मध्ये, मधुमेहींच्या रक्तात ‘मिर-१२६’ कमी आढळला. काही बदल तर रोग प्रकट होण्यापूर्वीच दिसले. २०१७ मध्ये असे आढळले की रक्तातील या रेणूंचा मोठा वाटा चरबीतून येतो आणि उंदरांत ते यकृताच्या कामातही फेरफार करतात. चरबी हे नुसते कोठार नव्हे. ती इतर अवयवांशी पत्रव्यवहार करणारी पेढी आहे.

तथापि या पत्रांवर विसंबून निदान करण्याची वेळ अद्याप आलेली नाही. नमुन्यातील तांबड्या पेशी फुटल्या तरी आकडे बदलतात. मोजणीच्या पद्धतीही एकसारख्या नाहीत. म्हणून अशा चाचणीची महागडी जाहिरात दिसल्यास मोहात पडू नये.

आज हाती असलेले साधे इशारे पुरेसे बोलके आहेत. उपाशीपोटी साखर १०० ते १२५, एचबीएवनसी ५.७ ते ६.४, कमरेचा घेर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरहून अधिक, यांपैकी काहीही आढळल्यास वैद्यांना भेटावे. पर्युषणात अठ्ठाईचा संकल्प करण्यापूर्वी ही तपासणी अवश्य करावी. मधुमेहाची औषधे चालू असणाऱ्यांनी तर डॉक्टरांच्या सल्ल्याविना उपवास करूच नये. हिशेब वेळीच तपासणारा व्यापारी बुडत नाही. देहाच्या वहीलाही हाच न्याय लागू आहे.