उग्र वास म्हणजे शुद्धता नव्हे

दिवाळीच्या सुटीत लोणावळ्याच्या एका हॉटेलात उतरलेल्या व्यापारी कुटुंबातील आजींनी जलतरण तलावाच्या काठावर उभे राहून विचारले, ‘‘हे पाणी गाळतात का रे?’’ नातवंडे हसली. सूनबाईंनी मात्र तोच प्रश्न व्यवस्थापकाला विचारला.

प्रश्न भाबडा नव्हता. तलावातील पाणी रोज बदलले जात नाही. तेच पाणी पंपाने गाळणीतून फिरवून, त्यात क्लोरीन मिसळून पुन्हा वापरले जाते. एक लिटर पाण्यात साधारण १ ते ३ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन असावे आणि सामू ७.२ ते ७.८ या मर्यादेत राहावा. सामू वाढला, तर क्लोरीन असूनही त्याची जंतुनाशक शक्ती मंदावते. या मोजमापांची नोंदवही पाहण्यास मागण्यात संकोच नसावा. शिवाय, सर्वांत खोल भागातील तळाची जाळी काठावरून स्पष्ट दिसत नसेल, तर त्या पाण्यात उतरू नये.

नाकात शिरणारा उग्र वास ही स्वच्छतेची खूण आहे, असा समज रूढ आहे. वस्तुस्थिती उलट आहे. घाम आणि मूत्र यांच्याशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरामाइन ही द्रव्ये तयार होतात. तो वास आणि डोळ्यांची चुरचुर प्रामुख्याने त्यांचीच. जंतूंसाठी घातलेले क्लोरीन अशा रीतीने माणसांच्या मळावरच खर्ची पडते. म्हणूनच उतरण्यापूर्वी अंग स्वच्छ धुणे हा निव्वळ उपचार नव्हे.

योग्य क्लोरीनयुक्त पाण्यात बहुतेक जंतू काही मिनिटांत नष्ट होतात. परंतु अतिसार घडवणारा क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी कठीण कवचामुळे त्याच पाण्यात सात दिवसांहूनही अधिक तग धरू शकतो. दूषित पाण्याचा एखादा घोट पोटात गेला, तरी बाधा होऊ शकते. त्यामुळे जुलाब होत असताना कोणीही तलावात उतरू नये. या परजीवीचे निदान झाले असेल, तर जुलाब थांबल्यावरही दोन आठवडे थांबावे. लहान मुलांना पोहण्यासाठी घालतात तो डायपर पातळ शौच अडवू शकत नाही, हेही मातांनी ध्यानात ठेवावे.

त्या कुटुंबातील धाकट्या नातवाला सकाळपासून जुलाब होत होते. तो रडवेला झाला, तेव्हा वडील म्हणाले, ‘‘एवढे पैसे भरलेत, पाच मिनिटं जाऊ दे.’’

आजी शांतपणे म्हणाल्या, ‘‘पैसे आपले गेलेत, पोट दुसऱ्याच्या लेकराचं बिघडेल.’’

पाणी गाळून गाळण्यावर राहिलेले सूक्ष्म जीव पुन्हा मूळ विहिरीत सोडण्याची रीत ज्या घरात पाळली गेली, त्या घराला हे निराळे शिकवावे लागत नाही. यतना म्हणजे आपल्यापुरती सावधगिरी नव्हे. आपल्यामुळे कोणाही जिवाला पीडा होऊ नये, याची ती दक्षता आहे.

मोठी मुले अंग धुऊन तलावात उतरली. धाकटा आजींसोबत व्हरांड्यात कॅरम खेळत बसला.