चेंडू टाकणारा हात

भात आणि नागली घरात आली की सुरगाण्याच्या आसपास जिथे सपाटी सापडेल तिथे स्टंप ठोकले जातात. मुलूख डोंगराळ, त्यामुळे सपाट जागा मिळणे हेच मोठे. या खेळाचा एक नियम कुणी लिहून ठेवलेला नाही, पण पाळतात सगळे: ज्याची बॅट त्याची पहिली बॅटिंग. ज्याच्याजवळ काही नाही त्याने चेंडू टाकावा, करवंदीच्या जाळीत गेलेला चेंडू शोधून आणावा आणि अंधार पडला की घरी जावे. आपल्याला हा पोरखेळ वाटतो. पण मित्रहो, क्रिकेटमधला हा बराच जुना आणि प्रतिष्ठित नियम आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमध्ये खेळाडूंच्या दोन जाती होत्या. (हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो आहे.) हौसेने खेळणारे ते ‘जंटलमन’, पैसे घेऊन खेळणारे ते ‘प्लेअर’. संघ एकच, पण कपडे बदलण्याच्या खोल्या वेगळ्या आणि कित्येक मैदानांवर आत येण्याची दारेही वेगळी. छापील धावफलकावर जंटलमनची आद्याक्षरे आडनावाच्या आधी येत, प्लेअरची नंतर. हौशी मंडळींचा ओढा फलंदाजीकडे असे. उन्हात दिवसभर चेंडू टाकण्याचे कष्ट बहुतांशी पगारी माणसाच्या वाट्याला येत. विल्फ्रेड ऱ्होड्सने प्रथम दर्जाच्या सामन्यांत चार हजारांवर बळी घेतले, तरी यॉर्कशायरने त्याला कर्णधार नेमले नाही. इंग्लंडने आपला कसोटी संघ लेन हटन या व्यावसायिकाच्या हाती रीतसर सोपवला तो १९५२ साली. हा भेद मोडीत निघायला १९६२ साल उजाडावे लागले.

हा खेळ आपल्याकडे आला तेव्हा त्याला आपल्या घरची जातही येऊन मिळाली. बाळू पालवणकर हा चर्मकार कुटुंबातला मुलगा. पुण्यात पारशी मंडळींच्या क्लबात खेळपट्टी झाडण्याचे आणि तिच्यावर रूळ फिरवण्याचे काम तो करी. महिन्याला ३ रुपये मिळत. पुढे युरोपियनांच्या पूना क्लबात ४ रुपये झाले. तिथे साहेबांना सरावासाठी गोलंदाज हवा होता, आणि या पोराचा डावा हात चेंडू वळवतो हे कुणाच्या तरी लक्षात आले. ग्रेग नावाचा नामांकित फलंदाज तासन्‌तास त्याच्या गोलंदाजीवर सराव करी. पण त्या साऱ्या वर्षांत बाळूच्या हाती फलंदाजीसाठी बॅट कुणी दिली नाही. मला या चरित्रातली सर्वांत बोलकी गोष्ट हीच वाटते. चहाच्या वेळी त्याला पॅव्हेलियनबाहेर मातीच्या भांड्यात वेगळा चहा देत, हे आपण ऐकून असतो आणि हळहळतो. बॅटची गोष्ट मात्र कुणी फारशी सांगत नाही; कारण त्यात जातीबरोबर आणखीही एक हिशेब आहे. चेंडू टाकणे ही मजुरी होती. खेळणे म्हणजे बॅट धरणे, आणि ते मालकाचे काम.

पुढे तो मुंबईच्या हिंदू जिमखान्याकडून खेळला. रेल्वेत नोकरी मिळाली. १९०६ साली हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवले, त्यात आठ बळी बाळूचे. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली संघ इंग्लंडला गेला. संघाची दैना झाली, पण ऱ्होड्सच्या देशात या पुण्याच्या माणसाने ११४ बळी घेतले. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद वर्षानुवर्षे दुसऱ्याकडे गेले. १९२० साली त्याचे भाऊ शिवराम आणि विठ्ठल यांनी निषेधाचे पत्रक काढून संघातून अंग काढून घेतले, तेव्हा कुठे बाळूला उपकर्णधारपद मिळाले. १९२३ साली विठ्ठल कर्णधार झाला आणि संघ जिंकलाही. पण तोवर थोरल्या भावाचा काळ सरला होता. पुढे १९३७ च्या निवडणुकीत तो डॉ. आंबेडकरांविरुद्ध काँग्रेसतर्फे उभा राहून हरला. त्या उमेदवारीवरून त्याला बोल लावणारे आहेत. तो वाद इथे नको.

मला सांगायचे आहे ते बक्षीस समारंभातल्या भाषणांविषयी. पाहुणे दर वेळी सांगतात, खेळ हौसेखातर खेळा, पैशासाठी नको. ऐकायला बरे वाटते. पण हौस ही पोट भरलेल्याची चैन आहे. दिवाळी झाली की आपल्या तालुक्यातली किती घरे कुलूप लावून दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत जातात, हे इथल्या कुणाला सांगायला नको. क्रिकेटचा हंगामही नेमका तोच. माझ्या ओळखीचा एक मुलगा सामन्यासाठी बागेतून दोन दिवसांची मजुरी बुडवून आला होता. त्याने दोन्ही दिवस गोलंदाजी केली. फलंदाजीला त्याचे नाव अकरावे होते, आणि त्याची पाळी आलीच नाही. जाताना त्याने एसटीचे भाडे उसने मागितले, तेव्हा कुणीतरी म्हणाले, “हा पैशासाठीच खेळतो.”

हे वाक्य शिवीसारखे का वापरले जाते? बाळू पालवणकर चार रुपयांसाठीच मैदानात गेला होता, आणि त्याची गोलंदाजी त्यामुळे हलकी ठरली नाही. मला वाटते, सामन्यासाठी ज्याची हजेरी बुडते त्याला तेवढी मजुरी जिमखाना निधीतून द्यावी, आणि ती उघडपणे, सही घेऊन द्यावी. ती मदत म्हणून देऊ नये. कर्णधार कोण, हे खेळणाऱ्या मुलांनी ठरवावे. आणि येत्या हंगामात सरावाच्या वेळी, जो तासभर चेंडू टाकतो त्याला निदान पंधरा मिनिटे बॅट द्यावी, मग ती कुणाच्याही मालकीची असो.