रक्त दिसले की मूळव्याधच?

शौचावाटे रक्त दिसले, की दोष तांबड्या रश्शाला आणि निदान मूळव्याधीचे, ही कोल्हापुरातील घरगुती रीत. उतारवयात मात्र ती घातक ठरू शकते. सुमारे दीड मीटर लांबीच्या मोठ्या आतड्यातील दाह, पॉलिप नावाच्या मांसल गाठी किंवा कर्करोग यांमुळेही रक्तस्राव होतो. पॉलिपचा कर्करोग होण्यास बहुधा दहाएक वर्षे लागतात. कोलोनोस्कोपी करतानाच तो बहुतेक वेळा काढून टाकता येतो. लवकर सापडलेला कर्करोगही अनेकदा शस्त्रक्रियेने बरा होतो.

शौचाच्या सवयीत झालेला बदल, अकारण घटलेले वजन, रक्तक्षय या गोष्टी वडीलधारी मंडळी संकोचाने सांगत नाहीत. घरच्यांनीच हळुवारपणे विचाराव्यात. मूळव्याध असली तरी तपासणी टाळू नये. दोन्ही आजार एकत्र असू शकतात.