दोन सह्यांचे कर्ज

गेल्या महिन्यात एका व्याख्यानमालेत अर्थकारणाच्या एका अभ्यासकांनी 2008 च्या अमेरिकेतल्या गृहकर्जांच्या पडझडीवर तासभर भाषण केले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: ज्यांनी ऐपत नसताना घरे घेतली त्यांची घरे गेली, ते योग्यच झाले. सरकारने त्यांचा हात धरला तर उद्या कोणी हप्ता भरणार नाही. वेळेवर हप्ते भरणाऱ्या शेजाऱ्याने दुसऱ्याच्या हावेचा भुर्दंड का सोसायचा? बाजाराला त्याचा तळ गाठू द्यावा. टाळ्या जोरात पडल्या. प्रश्नोत्तरांत मला दोन मिनिटे मिळाली, त्यांत माझे म्हणणे मांडून झाले नाही. ते इथे मांडतो.

तळाचा मुद्दा एका वाक्यात संपतो. 2006 नंतर तो तळ यायला 2012 उजाडले, आणि तोवर देशभरातल्या घरांचे भाव चौथाईहून अधिक उतरले होते.

शेजाऱ्याचेही फार लांबवायला नको. क्लीव्हलँड शहरातल्या स्लाविक व्हिलेज या वस्तीत एकामागून एक घरे जप्त होऊन ओस पडली. रिकाम्या घरांत शिरून चोरांनी तांब्याचे पाइप आणि तारा उपसून नेल्या. पुढे कित्येक घरे सार्वजनिक पैशाने पाडावी लागली. शेजारच्या ज्या माणसाने एकही हप्ता चुकवला नव्हता, त्याच्या घराची किंमतही त्या ओसाड घरांबरोबर खाली गेली. अमेरिकेत शाळांचा मोठा खर्च स्थानिक घरपट्टीतून चालतो. घरांचे मोल बसले की त्याचा फटका शाळेलाही बसतो. शेजाऱ्याने भुर्दंड सोसलाच. फक्त कोणाचे घर वाचवण्यासाठी नाही, तर ते पाडण्यासाठी.

आता वक्त्यांचा लाडका मुद्दा: मदतीने माणूस बेफिकीर होतो. तो मी दोन मिनिटांत सोडून देऊ शकत नाही, कारण एका सहकारी बँकेच्या वसुली विभागात मी अकरा वर्षे काढली आहेत. दारावर नोटीस चिकटवताना आतून डोकावणारी माणसे मी पाहिली आहेत. पण त्याआधी कर्जमंजुरीच्या टेबलावरही मी बसलो होतो. पगारपत्रक, फॉर्म 16, जामीनदार, घरात खाणारी तोंडे किती, आधीचे हप्ते कोणते, हे सगळे पाहिल्याशिवाय कागद पुढे जात नसे. ऐपत तपासणे हे कर्ज देणाऱ्याचे काम आहे. व्याज तो त्या जोखमीचेच घेतो. कर्जाच्या कागदावर दोन सह्या असतात, आणि वक्त्यांना त्यांतली एकच दिसली.

दुसरी सही कशी झाली ते पाहा. पहिली दोन वर्षे कमी ठरावीक व्याज आणि उरलेली अठ्ठावीस वर्षे बदलते, अशी कर्जे तिथे सर्रास विकली गेली. अनेक कर्जांत उत्पन्नाचा पुरावाच मागितला नाही. अर्जदार सांगेल तो आकडा, आणि कित्येकदा दलाल भरेल तो आकडा खरा धरला. दलालाला दलाली सहीच्या दिवशी मिळे. कर्ज देणारी कंपनी ते कर्ज विकून टाकी, मग हजारो कर्जांची मोट बांधून तिचे रोखे जगभर खपत. म्हणजे कर्ज बुडेल की तरेल याची काळजी करायला पहिल्या दोघांना कारणच उरले नव्हते. बेफिकिरी या शब्दाचा अर्थ समजून घ्यायचा असेल तर तो इथे शोधावा. ऑक्टोबर 2008 मध्ये वित्तसंस्थांना सावरण्यासाठी अमेरिकेने 700 अब्ज डॉलरची तरतूद केली, तेव्हा बँका सोकावतील म्हणून ती अडली नाही. तो नियम फक्त घरमालकाला लावला गेला.

आणि सगळेच हावरे होते हेही खोटे आहे. ऑक्टोबर 2009 मध्ये तिथली बेकारी 10 टक्क्यांवर गेली. तोवर थकणाऱ्यांत चांगली पत असलेली, वर्षानुवर्षे चोख हप्ते भरलेली कुटुंबे मोठ्या संख्येने आली होती. नोकरी गेलेल्या माणसाला कसली शिस्त शिकवायची?

या बाबतीतला सगळ्यात संतापजनक भाग अमेरिकेच्या दिवाळखोरीच्या कायद्यात आहे, आणि वक्त्यांनी त्याचा उल्लेखही केला नाही. माणूस दिवाळखोरीच्या न्यायालयात गेला की त्याच्या सुट्टी घालवायच्या दुसऱ्या घरावरचे कर्ज न्यायाधीश त्या घराच्या आजच्या किमतीपर्यंत खाली आणू शकतो. भाड्याने दिलेल्या घराचे आणू शकतो. हौसेच्या बोटीचेही आणू शकतो. राहत्या घराचे मात्र नाही. 1978 पासून कायद्यातच तशी मनाई आहे. ज्या छपराखाली मुले झोपतात तेवढेच वगळलेले. ही मनाई उठवणारे विधेयक मार्च 2009 मध्ये प्रतिनिधिगृहात मंजूर झाले आणि तीच तरतूद 30 एप्रिलला सिनेटमध्ये 45 विरुद्ध 51 मतांनी पडली. अशी सूट दिली तर कर्जे महागतील, मिळेनाशी होतील, हेच विरोधकांचे म्हणणे होते. 1986 मध्ये शेतकऱ्यांना असाच अधिकार मिळाला तेव्हाही हीच भीती घातली होती. अमेरिकेतली शेतीकर्जे त्यानंतर बंद पडली नाहीत.

ही भीती मराठी माणसाला नवी नाही. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे 1861 ते 1865 या काळात तिकडचा कापूस अडला, आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि सावकारांनी दख्खनच्या कुळांना हात सैल सोडून कर्जे दिली. युद्ध संपले, भाव कोसळला, सारा वाढलेला होता, आणि तेच सावकार जमिनी ओढू लागले. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात कर्जखतांच्या होळ्या पेटल्या. चौकशी होऊन 1879 साली पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या जिल्ह्यांसाठी कायदा आला. खतावरचा आकडा डोळे मिटून मानू नका, व्यवहाराचा इतिहास मुळापासून तपासा, मुद्दल आणि व्याज वेगळे काढा, हप्ते बांधून द्या, असे त्याने न्यायाधीशाला सांगितले. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणे बंद केले. त्यावेळीही पत आटेल, कुळे लबाड होतील, असा ओरडा झाला होता. त्याहूनही जुना आपला दामदुपटीचा नियम: साचलेले व्याज मुद्दलापेक्षा जास्त एका वेळी मागता येत नाही. हा नियम करणारे कर्जबुडव्यांचे कैवारी नव्हते. कर्जाला वरची मर्यादा नसली तर धनको कुठे थांबत नाही, हे त्यांनी अनुभवाने जाणले होते.

राहिला एक आक्षेप: अमेरिकेत घरमालकांना मदत दिली होती, ती फसली. 2009 च्या योजनेतून तीस ते चाळीस लाख कुटुंबांचे हप्ते उतरतील असे सांगितले होते, आणि तिथवर ती कधी पोचली नाही. हे खरे आहे. पण योजना राबवायचे काम हप्ते गोळा करणाऱ्या कंपन्यांवर सोपवले होते. त्यांची कमाई शिल्लक मुद्दलावर आणि विलंबशुल्कावर. मुद्दल घटवणे त्यांच्या तोट्याचे. अर्ज हरवले, तेच कागद पुन्हा पुन्हा मागवले, एका खिडकीवर सवलतीची बोलणी चालू असताना दुसरीकडून लिलावाची तारीख पडली. 2010 मध्ये उघड झाले की जप्तीची प्रतिज्ञापत्रे न वाचताच गठ्ठ्याने सह्या करून न्यायालयांत दिली जात होती. 2012 मध्ये पाच मोठ्या बँकांना 49 राज्यांशी आणि केंद्र सरकारशी सुमारे 25 अब्ज डॉलरची तडजोड करावी लागली. आजाऱ्याला औषध पोचलेच नाही, त्यावरून औषध निकामी कसे ठरते?

औषध पोचते तेव्हा काय होते, हेही त्याच देशाने दाखवले आहे. 1933 मध्ये रोज हजारभर घरे जप्त होत होती. तीन ते पाच वर्षांची कर्जे असत, शेवटी मुद्दल एकरकमी द्यायचे, आणि नवे कर्ज द्यायला कोणी उरले नव्हते. त्या जूनमध्ये सरकारने होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन काढले. त्याने सावकारांकडून थकीत कर्जे रोखे देऊन घेतली आणि कर्जदाराला 5 टक्के व्याजाने पंधरा वर्षांचे समान हप्ते बांधून दिले. अशी सुमारे दहा लाख कर्जे झाली. साधारण पाचातले एक घर शेवटी गेलेच, बाकीची वाचली. 1951 मध्ये महामंडळ थोडी शिल्लक राखून बंद झाले. त्याच महामंडळाच्या नकाशांनी कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांवर लाल रंग फासला, हा त्याच्यावरचा डाग मी झाकणार नाही. पण कर्ज नव्याने बांधून दिले की बहुतेक माणसे ते फेडतात, हे त्याने सिद्ध केले.

मला हवे आहे ते एवढेच, आणि इथेही. 2002 च्या सरफेसी कायद्याने बँकेला आधी न्यायालयात न जाता तारण ताब्यात घेता येते: साठ दिवसांची नोटीस, मग दारावर कागद, मग वर्तमानपत्रात ताबा सूचना. शेतजमीन त्यातून वगळली आहे, राहते घर नाही. कर्जवसुली न्यायाधिकरणात गेले तर बँकेने पायऱ्या नीट चढल्या का, हा मुख्य प्रश्न असतो. या कुटुंबाला किती हप्ता झेपेल, हा नसतो. राहत्या घराच्या लिलावाआधी तो प्रश्न विचारला जावा. खाते पहिल्या दिवसापासून उघडावे, दंडव्याज वेगळे काढावे, मुदत वाढवून हप्ता बसतो का ते पाहावे, आणि हे बँकेच्या अधिकाऱ्याने नाही, त्रयस्थाने पाहावे. नाहीच बसला तर लिलाव व्हावा. अकरा वर्षांत मी चिकटवलेल्या नोटिशींपैकी कितींच्या बाबतीत तो बसला असता, हे मला सांगता येत नाही, कारण हिशेब करून पाहा असे मला कोणी सांगितले नव्हते आणि मीही तो केला नाही.