अम्मी का नाही आली?

नातवंडांना घेऊन हॉटेलात जाणे हा माझा म्हातारपणीचा शौक आहे. नात आठ वर्षांची, नातू पाचचा. महिन्यातून एकदा आम्ही तिघे वरूडमधल्या एका साध्या हॉटेलात जातो. अटी दोनच. मोबाइल घरी ठेवायचा आणि काय मागवायचे ते मुलांनी ठरवायचे.

नात भिंतीवरचा भावफलक मोठ्याने वाचते आणि शंभराच्या दोन नोटांत काय काय बसेल याचा हिशेब करते. घरी आम्ही उर्दू बोलतो, पण वेटरशी ती चोख मराठीत बोलते. नातवाने पहिल्यांदा डोसा मागवला तेव्हा वेटर म्हणाला, "सांबार देऊ?" पोराने मान डोलावली. वाटी आली आणि तो चमच्याने तळ ढवळत बसला. आमच्या वऱ्हाडात सांबार म्हणजे कोथिंबीर. "दादी, यात तर डाळच आहे!" शेजारच्या टेबलावरचे अनोळखी आजोबा खळखळून हसले आणि त्यांनी आपल्या पोह्यांवरची कोथिंबीर त्याला दाखवली. आता ते दिसले की नातू स्वतःहून सलाम करतो.

माझ्या तरुणपणी हे सुख नव्हते. आमच्याकडे संत्र्याची बाग आहे. आंबिया बहाराचा सौदा झाला, व्यापाऱ्याने बयाना दिला की घरातले पुरुष ढाब्यावर जायचे. आम्हा बायांसाठी पार्सल यायचे, तेही थंड झालेले. अमरावतीला दवाखान्यात गेलो तरी नवरा हॉटेलात चहा प्यायचा आणि मी स्टँडवरच्या बाकावर पिशव्या सांभाळत बसायची. कोणी मनाई केली नव्हती. तसा रिवाजच होता. पुढे हॉटेलात गेले तीही पडद्यामागच्या 'फॅमिली रूम'मध्ये. म्हणून आता मी मुद्दाम बाहेरच्या टेबलावर बसते, रस्ता दिसेल अशी.

हॉटेल म्हणजे केवळ खाण्याची जागा नव्हे. इंग्रजांच्या काळात रेल्वे स्टेशनांवर 'हिंदू पाणी' आणि 'मुस्लिम पाणी' वेगळे मिळायचे. दलितांना तर कित्येक हॉटेलांत कपही वेगळा ठेवलेला असे. म्हणूनच २६ जानेवारी १९५० पासून लागू झालेल्या संविधानाने अनुच्छेद १५(२) मध्ये दुकाने आणि सार्वजनिक उपाहारगृहांचा नाव घेऊन उल्लेख केला. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कोणाही नागरिकाला तिथे अटकाव करता येत नाही. या यादीतला 'लिंग' हा शब्द आपल्या घरांनी नीट वाचलेला नाही, असे मला वाटते.

हा प्रश्न जुना झालेला नाही. २०२४ च्या जुलैत उत्तर प्रदेशात कावड यात्रेच्या मार्गावरील खाणावळींना मालकांची नावे पाटीवर लावायला सांगितले गेले. २२ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने त्याला अंतरिम स्थगिती दिली. तेव्हा आपण सगळे बोललो, आणि बोलायलाच हवे होते. पण कोण कुठे बसून खाणार हे बाहेरच्यांनी ठरवले की आपल्याला राग येतो. तेच आपण घरात ठरवतो तेव्हा त्याला रीत म्हणतो.

हे मला नातीने शिकवले. मागच्या हिवाळ्यात इडलीचा तुकडा मोडता मोडता तिने विचारले, "दादी, अम्मी का नाही आली?" मी म्हणाले, "घरी स्वयंपाक आहे ना." ती म्हणाली, "मग तुझ्या वेळी कोण करायचं?" मी गप्प झाले. ज्या बाकावर मी पिशव्या सांभाळत बसत होते, त्याच बाकावर मी माझ्या सुनेला बसवले होते. नातवंडांचे कौतुक माझे आणि चूल तिची.

पुढच्या महिन्यात सून सोबत आली. मेनूकार्ड हातात घेऊन ती कितीतरी वेळ नुसती बघत राहिली. मग म्हणाली, "अम्मी, तुम्हीच सांगा." नात पटकन म्हणाली, "नाही, आपलं आपण ठरवायचं." सुनेने मसाला डोसा मागवला आणि गरम गरम खाल्ला. मुलाने त्या रात्री घरी खिचडी लावली. थोडी खाली लागली होती, पण सगळ्यांनी खाल्ली.

काही जण म्हणतील, ही उधळपट्टी आहे, घरचे काय वाईट? घरचे वाईट नाहीच. पण ते कोणाच्या तरी हातून होते आणि त्या हातांनाही कधी आयते ताट मिळायला हवे. दोनशे रुपयांत चौघांचे पोट भरत नसेल, तर चहा-भज्यांवर भागवा. हलालचा प्रश्न असेल, तर शाकाहारी हॉटेलात बसा. लोक काय म्हणतील, ही भीती असेल, तर पोरांना पुढे करा. त्यांना अजून ती शिकवलेली नसते.

तरुण मित्रांनो, तुम्ही दोस्तांबरोबर हॉटेलात जाता, फोटो टाकता. छान आहे. पुढच्या वेळी घरात एकदा विचारा, अम्मी शेवटची हॉटेलात कधी बसली होती? उत्तर आठवायला वेळ लागला, तर त्याच संध्याकाळी तिला घेऊन निघा. आणि मेनूकार्ड आधी तिच्या हातात द्या.