कोणाला सोडायचे?

तिसरा डाऊन, दोन यार्ड बाकी. चाल ‘पॉवर’ची. डावा गार्ड आपली जागा सोडून लाइनच्या मागून उजवीकडे धावला आणि मोकळ्या फटीत शिरला. समोर लाइनबॅकर उभा. गार्ड त्याच्या खांद्याला घासून पुढे निघून गेला, सात यार्ड पलीकडच्या सेफ्टीला अडवायला. त्या सेफ्टीने जागचे पाऊलही उचलले नव्हते. इकडे लाइनबॅकरने चेंडूवाल्याला तिथल्या तिथे आडवे केले. खेळ अजून बाजारात यायचा होता. टेस्टिंगच्या नोंदीत या प्रसंगापुढे एकच ओळ होती: ‘गार्डचे रन ब्लॉकिंगचे रेटिंग ७८ आहे, ते ८५ करावे.’

ही नोंद माझ्या हाती आली त्याला बरीच वर्षे झाली, पण ती मी विसरलेलो नाही. रेटिंग ९९ केले असते तरी तो गार्ड तसाच निघून गेला असता. ताकद त्याला कमी पडलीच नव्हती. आपला माणूस कोणता, हे त्याला ठाऊक नव्हते. अमेरिकन फुटबॉलच्या व्हिडिओ गेमवर आपल्यापैकी जे कोड, ॲनिमेशन किंवा टेस्टिंगचे काम करतात, त्यांना या दोन चुका वेगवेगळ्या ओळखता यायला हव्यात. अडवताना हरणे ही एक चूक, आणि कोणाला अडवायचे तेच न कळणे ही दुसरी. पहिली खेळाचा भाग आहे. दुसरी आपली आहे.

रनिंग प्लेमध्ये हा फरक सर्वांत जास्त बोचतो. पासच्या चालीत खेळणाऱ्याची नजर चेंडू झेलणाऱ्यांवर असते. लाइनने दोन-तीन सेकंद धीर धरला की तिचे काम झाले. धावेच्या चालीत मात्र फट उघडते ती जेमतेम सेकंदभर, आणि ती उघडतात चेंडूला हातही न लावणारी माणसे. खेळणाऱ्याच्या बोटाखाली एकच खेळाडू असतो. बाकीचे दहा आपण चालवतो. त्या दहांपैकी एकाने वेड्यासारखे केले तर खेळणाऱ्याला ते स्वतःचे अपयश वाटत नाही, फसवणूक वाटते. आणि त्याचे बरोबर असते.

या प्रकारच्या खेळांवर ज्यांचे नाव सर्वांत ठळक छापले गेले, ते जॉन मॅडन स्वतः लाइनमधले. कॉलेजात टॅकल म्हणून खेळले, फिलाडेल्फिया ईगल्सकडे निवड झाल्यावर गुडघा दुखावला आणि खेळणे संपले. पुढे १९६९ ते १९७८ ते ओकलंड रेडर्सचे मुख्य प्रशिक्षक होते. गेम बनवणारे ट्रिप हॉकिन्स यांनी खेळाची कल्पना त्यांच्यापुढे ठेवली तेव्हाच्या संगणकाला एका बाजूचे सहा-सात खेळाडूच पेलत होते. मॅडन अडून बसले: अकरा विरुद्ध अकरा नसतील तर ते फुटबॉल नव्हे. काही वर्षे खर्ची पडली आणि १९८८ मध्ये ॲपल टू संगणकावर अकरा खेळाडूंचा खेळ आला. हा हट्ट पुष्कळदा वास्तवाचा आग्रह म्हणून सांगितला जातो. मला तो लाइनमनचा हट्ट वाटतो. सातजणांच्या संघात लाइनला तीनच माणसे उरतात. मग जागा सोडून धावणारा गार्ड नाही, ट्रॅप नाही, पॉवर नाही. रेडर्सने जानेवारी १९७७ मध्ये सुपर बोल जिंकला तो डाव्या बाजूच्या आर्ट शेल आणि जीन अपशॉ यांच्या आडून धावून. क्लॅरन्स डेव्हिसने त्या दिवशी १३७ यार्ड काढले. ज्या प्रशिक्षकाचा सर्वांत मोठा दिवस एका टॅकलने आणि एका गार्डने घडवला, तो तीन माणसांची लाइन कशी मान्य करेल?

मॅडन यांनी सांगितलेली आणखी एक आठवण आपल्या कामाच्या दृष्टीने अधिक मोलाची आहे. तरुणपणी, आपल्याला फुटबॉलमधले सगळे कळते अशा समजुतीत ते प्रशिक्षक विन्स लोंबार्डी यांच्या शिबिराला गेले, आणि लोंबार्डी एकाच चालीवर आठ तास बोलले. ती चाल ग्रीन बे पॅकर्सची ‘स्वीप’. जेरी क्रेमर आणि फझी थर्स्टन हे दोन्ही गार्ड जागा सोडून बाहेरच्या बाजूने पुढे धावतात, मागून चेंडूवाला येतो. वरवर पाहिले तर एवढेच. मग आठ तास कशात गेले? ‘समोरचा असा उभा राहिला तर’ यात गेले. टाइट एंडने बाहेरच्या लाइनबॅकरला एका ठरावीक दिशेला ढकलायचे नाही. तो जिकडे जाऊ पाहील तिकडेच त्याला न्यायचे, आणि चेंडूवाल्याने ते पाहून त्याच्या विरुद्ध बाजूने वळायचे. एकेका माणसाला एकेक नियम, प्रत्येक नियमाला चार-पाच फाटे. आपल्या भाषेत बोलायचे तर ते आठ तास म्हणजे एका फंक्शनचे विवरण होते.

आपण तेच फंक्शन बहुतेक वेळा तीन ओळींत लिहून मोकळे होतो: जवळचा प्रतिस्पर्धी शोधा, मोकळा असेल तर धरा, नसेल तर पुढचा शोधा. थोडे अधिक शिकलेले असलो तर हॅरोल्ड कून यांनी १९५५ मध्ये मांडलेली ‘हंगेरियन’ पद्धत वापरून एकूण अंतर कमीत कमी होईल अशा जोड्या लावतो. सात अडवणारे, सात प्रतिस्पर्धी, जोड्यांचे ५,०४० पर्याय. संगणकाला हे काहीच नाही. पण उत्तर चुकीचे येते. पद्धत निर्दोष आहे, प्रश्नच चुकीचा विचारलेला आहे. लाइनमन जवळच्याला अडवत नाही. ज्या फटीतून चाल जायची त्या फटीच्या हिशेबाने, कोन पाहून, आपली बाजू राखून तो अडवतो. कित्येकदा सर्वांत जवळच्या माणसाला तो मुद्दाम सोडतो.

हे सोडणे नीट समजून घेतले पाहिजे. रीड ऑप्शनमध्ये टोकाच्या बचावपटूला कोणीच हात लावत नाही. तो आत धावला तर क्वार्टरबॅक चेंडू स्वतःकडे ठेवून बाहेरून जातो, तो जागी थांबला तर चेंडू मागच्याला देतो. म्हणजे एकही माणूस खर्च न करता एक प्रतिस्पर्धी हिशेबातून काढला जातो, आणि वाचलेला माणूस दुसरीकडे लावता येतो. अंतर मोजणाऱ्या कोडला हे दिसत नाही. त्याला रिकामी जागा दिसते आणि ते ती भरायला धावते. मग टॅकल नेमका त्याच माणसाला जाऊन भिडतो ज्याला मोकळे ठेवण्यावर सगळी चाल उभी आहे. म्हणून माझा आग्रह असा, की चालीच्या नोंदीत ‘कोणाला अडवायचे’ या रकान्याइतकाच ‘कोणाला सोडायचे’ हा रकाना सक्तीचा असावा.

आता झोन ब्लॉकिंग. इथे नियम माणसाचा नाही, जागेचा. माझ्यासमोर कोणी उभा असेल तर तो माझा. समोर कोणी नसेल तर चालीच्या दिशेला पाऊल टाकून शेजाऱ्याला हात द्यायचा आणि नजर मागच्या लाइनबॅकरवर ठेवायची. लाइनबॅकर ज्या बाजूने येईल त्या बाजूच्या ब्लॉकरने पहिल्याला सोडून त्याला घ्यायचे, दुसऱ्याने पहिला सांभाळायचा. दोघांपैकी कोण सुटेल हे स्नॅपच्या आधी कोणालाच माहीत नसते. तेव्हा स्नॅपच्या क्षणी प्रत्येकाच्या नावापुढे एक जर्सी क्रमांक लिहून टाकणारे कोड झोनची चाल खेळूच शकत नाही. दोघांना मिळून दोघे द्यावे लागतात, आणि वाटणी पुढच्या सेकंदात पडू द्यावी लागते.

नेमके इथे ॲनिमेशन आडवे येते. दोघांनी मिळून एकाला रेटण्याचे दृश्य सुंदर असते. त्यावर कलाकारांचे आठवडे गेलेले असतात, म्हणून ते पूर्ण दिसावे असे सगळ्यांनाच वाटते. पण दीड सेकंदाच्या ॲनिमेशनच्या, सेकंदाला साठ या हिशेबाने, नव्वद फ्रेम होतात, आणि लाइनबॅकर फटीत पोचायला त्याहून कमी वेळ घेतो. दर आठ-दहा फ्रेमला त्या दृश्यातून निसटायची वाट ठेवली नाही, तर नियम कितीही चोख लिहा, तो कागदावरच राहील. ॲनिमेटर मित्रांना माझे सांगणे आहे की पकड बसण्याच्या क्षणावर जेवढे कष्ट घेता, तेवढेच पकड सोडण्याच्या क्षणावर घ्या. सोडणारा हात, दुसऱ्या माणसाकडे वळणारी मान, यातच लाइनचे कसब दिसते.

आता त्या गार्डकडे परत. पॉवरच्या चालीत उजवा गार्ड आणि उजवा टॅकल मिळून समोरच्याला आत रेटतात, आणि पलीकडच्या लाइनबॅकरची जबाबदारीही त्याच जोडीवर असते. फुलबॅक टोकाच्या बचावपटूला बाहेर ढकलतो. सेंटर मागे वळून डाव्या गार्डची रिकामी जागा झाकतो. फिरून येणाऱ्या डाव्या गार्डच्या वाट्याला अलीकडचा लाइनबॅकर. त्या प्रसंगात अलीकडचा लाइनबॅकर स्नॅप होताच आत घुसला आणि सेंटरच्या अंगावर आदळला. पलीकडचा लाइनबॅकर त्याच्यामागून वळसा घेऊन फटीत आला. तो ज्या जोडीच्या नावावर होता ती जोडी रेटण्याच्या ॲनिमेशनमध्ये अडकलेली. तरी कोडच्या वहीत त्याच्यापुढे ‘नेमणूक झाली’ अशी खूण होती. गार्डने वही पाहिली. आपला माणूस सेंटरकडे गुंतलेला, समोरचा दुसऱ्यांच्या नावावर, मोकळा फक्त सेफ्टी. तो सेफ्टीकडे गेला. वहीप्रमाणे सगळे बरोबर होते.

खऱ्या गार्डला कोणी वही देत नाही. फटीत वळताना आतून बाहेर पाहा, आणि पहिला जो परक्या रंगाच्या जर्सीत दिसेल तो तुझा, एवढेच त्याला शिकवलेले असते. त्या नियमात माणसाचे नाव नाही, म्हणून माणसे बदलली तरी नियम टिकतो.

चांगला नियम किती टिकतो याचे उदाहरण डेन्व्हर ब्रॉन्कोजचे आहे. १९९५ मध्ये माइक शानाहन मुख्य प्रशिक्षक आणि ॲलेक्स गिब्ज लाइनचे प्रशिक्षक म्हणून आले. त्याच वर्षी सहाव्या फेरीत निवडलेला टेरेल डेव्हिस १९९८ च्या हंगामात २,००८ यार्ड धावला. १९९९ मध्ये तो जखमी झाला, तर ओलांडिस गॅरीने हजार ओलांडले. २००० मध्ये माइक अँडरसनने, २००२ मध्ये क्लिंटन पोर्टिसने. डेव्हिस थोर होताच, त्याचे श्रेय मी काढून घेत नाही. पण चेंडू हातात असलेला माणूस बदलत राहिला आणि फट उघडत राहिली, हे खेळ बनवणाऱ्याने डोळ्यांपुढे ठेवावे.

रेटिंगला जागा नाही असे मी म्हणत नाही. जागा आहे, पण ती शेवटची. आधी नियम, मग वाट, मग भिडणे, आणि भिडल्यानंतर कोण जिंकले हे ठरवायला रेटिंग. नवख्या खेळाडूची जाण कमी दाखवायची असेल तर त्याला उशीर होऊ द्या. फटीशी तो अर्धे पाऊल थबकू दे, लाइनबॅकर त्याच्या खांद्याच्या टोकावरून निसटू दे. खेळणाऱ्याला ते दिसते, पटते, आणि पुढच्या वेळी तो दुसरी बाजू निवडतो. समोरच्याला न पाहता निघून जाणारा गार्ड मात्र नवखाही वाटत नाही. तो माणूसच वाटत नाही.

आपल्याकडे कबड्डीचे गेम बनवू पाहणाऱ्यांनीही यात लक्ष घालावे. मध्यरक्षकाची आणि शेजाऱ्याची साखळी म्हणजे तीच जोडी आहे: चढाईपटू कोणत्या बाजूला वळतो यावर दोघांपैकी पकड कोण करणार आणि आधार कोण देणार हे ठरते, तेही चढाई चालू असताना. जवळच्याने झेप घ्यावी असे कोड लिहिले की कोपरारक्षक दर चढाईला अवेळी उडी मारतो आणि बोनस रेषेजवळ सगळा बचाव उघडा पडतो.

एक सोय तुमच्या टेस्टिंगच्या आवृत्तीत या आठवड्यातच करून घ्या. चालीच्या आकृतीत प्रत्येक ब्लॉकरची रेघ आखलेली असते, टोकाला आडवी दांडी असलेली. तीच रेघ चालत्या खेळात प्रत्येक ब्लॉकरपासून त्याच्या त्या क्षणीच्या माणसापर्यंत काढा, आणि नेमणूक बदलली की रेघेचा रंग बदलू द्या. दहा चाली हळू गतीने पाहा. ताकदीची चूक कुठली आणि समजेची कुठली, हे टेस्टरला नोंद लिहिण्याआधीच दिसेल.

आणि एक विनंती. तुमच्या खेळातली एक धावेची चाल घ्या, अकराही जणांचे नियम साध्या मराठीत, कोडचा एकही शब्द न वापरता, एका कागदावर लिहा. कोणाला सोडायचे तेही लिहा. तो कागद आमच्याकडे पाठवा. पुढच्या अंकातली चार पाने त्यासाठी राखून ठेवली आहेत.