बोल्ट बिचारा काय करणार?

"८.८ चे बोल्ट कसले लावताय राव, १२.९ लावा, विषय संपला!" हे वाक्य आपल्या वर्कशॉपच्या भिंतीवर रंगवून ठेवावं इतक्या वेळा मी ऐकलं आहे. फर्स्ट इयरला सिनियर्सकडून ऐकलं, सेकंड इयरला स्वतः ज्युनियर्सना ऐकवलं. आणि यंदा टेस्टिंगच्या दिवशी आमच्या फॉर्म्युला गाडीचा डावा हाफ शाफ्ट फ्लॅंजपासून सुटून गरागरा फिरायला लागला, तेव्हा त्याच १२.९ च्या एका बोल्टचं डोकं उडून माझ्या पायाशी येऊन पडलं.

ज्यांना या भानगडी माहीत नाहीत त्यांच्यासाठी (म्हणजे कॉम्प्युटरवाल्यांसाठी!) थोडक्यात सांगतो. मागच्या स्प्रॉकेटपासून चाकापर्यंत ताकद नेणारा दांडा म्हणजे हाफ शाफ्ट. तो आतल्या बाजूला फ्लॅंजला बोल्टनी बांधलेला असतो. आमच्या गाडीत एम-६ चे सहा अॅलन बोल्ट आहेत. ते गेले की शाफ्ट मोकळा, आणि मोकळा शाफ्ट म्हणजे पिसाळलेला सोटा. त्या दिवशी त्याने ब्रेकच्या पाइपावर लांबलचक चरा पाडला. पाइप फाटला नाही. गाडीत सेकंड इयरचा मुलगा बसला होता आणि समोर कंपाउंडची भिंत होती. पुढचं लिहीत नाही.

रात्री मेसमध्ये मीटिंग झाली. एकाचं म्हणणं, दुकानदाराने फसवलं. दुसऱ्याचं म्हणणं, एम-८ लावू. तिसरा म्हणाला इंपोर्टेड मागवू, स्पॉन्सर देईल पैसे. दोन तास चर्चा झाली आणि एकानेही विचारलं नाही की बोल्ट आवळले कोणी आणि किती? मीही गप्प बसलो. कारण ते मी आवळले होते. हाताच्या अंदाजाने.

हा लेख म्हणजे खरं तर त्या रात्रीच्या गप्प बसण्याची भरपाई आहे.

दुसऱ्या दिवशी उजव्या बाजूचे न सुटलेले बोल्ट टॉर्क रेंचने तपासले. सहापैकी एकही १० न्यूटन-मीटरच्या पुढे नव्हता. आता गणित बघा, मशीन डिझाइनच्या पहिल्या युनिटचं आहे. बोल्ट आवळण्याचा टॉर्क म्हणजे ०.२ गुणिले बोल्टमधला ताण गुणिले व्यास. १० न्यूटन-मीटर आणि ६ मिलिमीटर टाकलं की एका बोल्टचा ताण येतो सुमारे ८,३०० न्यूटन. सहा बोल्टचे मिळून ५०,०००. दोन पृष्ठभागांमधलं घर्षण ०.१५ धरलं तर फ्लॅंज साधारण ७,५०० न्यूटनपर्यंत न सरकता धरून ठेवू शकतो. आणि लागतात किती? टायरची पकड सुटेपर्यंत एका शाफ्टवर आमच्या हिशोबाने ३५० न्यूटन-मीटर येऊ शकतात. बोल्ट केंद्रापासून ३० मिलिमीटरवर आहेत, म्हणजे जवळजवळ ११,७०० न्यूटन. ७,५०० ची तयारी आणि ११,७०० चं बोलावणं! प्रत्येक वेळी क्लच सोडला की फ्लॅंज केसभर सरकत होता, ब्रेक दाबला की उलटा सरकत होता.

यात गंमत अशी की वरच्या गणितात बोल्टचा ग्रेड कुठेच आला नाही. ८.८ घ्या नाहीतर १२.९, १० न्यूटन-मीटरने आवळला की ताण तोच. ८.८ म्हणजे ८०० मेगापास्कलला तुटणारा आणि त्याच्या ०.८ पटीला, म्हणजे ६४० ला, कायमचा ताणला जाणारा. १२.९ म्हणजे १२०० आणि १०८०. या जास्तीच्या ताकदीचा उपयोग एकच, तो बोल्ट जास्त आवळता येतो. एम-६ चा १२.९ साधारण १७ न्यूटन-मीटर घेतो. तेवढा आवळला असता तर सहा बोल्टनी मिळून १२,७०० च्या वर पकड दिली असती. काठावर का होईना, पास! आम्ही महागडा बोल्ट आणला आणि स्वस्त बोल्टसारखा आवळला. गाईड विकत घेऊन उशाशी ठेवावं आणि पेपरला कोरं जावं, त्यातला प्रकार.

तुटलेला भाग भिंगातून पाहिला तेव्हा उरलीसुरली शंकाही गेली. पहिल्या आट्याच्या मुळापासून निघालेल्या अर्धगोल रेषा, वाळूवर लाटांच्या खुणा राहतात तशा. ही फटीग. एका झटक्यात तुटलेला नाही, रोज थोडा थोडा तुटत आला होता आणि आम्ही रोज गाडी पुसत होतो. फटीगच्या बाबतीत तर १२.९ ची शेखी आणखीनच उतरते. आटे रोल करून मग हीट ट्रीटमेंट केलेल्या बोल्टची फटीग मर्यादा ८.८ असो की १२.९, जवळपास सारखीच धरतात. जर्मनांच्या व्हीडीआय २२३० मध्येही ग्रेडवर ती मर्यादा ठरत नाही, व्यासावर ठरते. आणि आडवे हादरे बसणारा सांधा सरकला की बोल्ट आपोआप सैल होतो, हे गेरहार्ड युंकरने १९६९ मध्येच दाखवून ठेवलंय. आपण अजून स्प्रिंग वॉशरवर भरवसा ठेवून आहोत.

वर्कशॉपच्या मामांनी मात्र गणित न करता एकच प्रश्न विचारला, "पोरांनो, फ्लॅंजवरचा रंग खरवडला होता का?" नव्हता. टीमचा निळा रंग आम्ही फ्लॅंजच्या आतल्या तोंडावरही मारला होता, फोटोत छान दिसावा म्हणून (आतलं तोंड फोटोत दिसतं का, हे विचारू नका). रंग दाबाखाली चेपतो आणि बोल्टचा ताण उतरतो. वर सीव्ही जॉइंटचं ग्रीस ओघळून आलं की घर्षण ०.१५ सुद्धा राहत नाही. ते ०.१ झालं तर १७ ने आवळलेला १२.९ देखील नापास.

हे आपल्यासारख्या पोराटोरांचंच होतं असं नाही. २०१४ च्या सुरुवातीला पोर्शच्या नव्या ९११ जीटी-३ गाड्या पेटल्या. ९,००० आरपीएमपर्यंत फिरणारं, ४७५ हॉर्सपॉवरचं इंजिन! कारण निघालं कनेक्टिंग रॉडचे सैल झालेले बोल्ट. रॉड सुटला, क्रॅंककेस फुटला, तेल बाहेर आलं आणि पेटलं. पोर्शने मालकांना गाड्या चालवू नका असं सांगितलं आणि त्या वर्षीच्या मॉडेलच्या सगळ्या ७८५ गाड्यांची इंजिनं बदलली, बोल्टचा सांधा सुधारून. नाक कापलं गेलं, पण रोग जिथे होता तिथेच औषध गेलं.

याच्या उलट उदाहरण फोर्डचं. २०२२ मध्ये अमेरिकेत सुमारे अडीच लाख एक्स्प्लोरर परत बोलावल्या, कारण मागचा अॅक्सल धरणारा एक बोल्ट तुटू शकत होता. तो तुटला की ताकद नेणारा दांडा सुटतो आणि पार्कमध्ये लावलेली गाडीसुद्धा घरंगळते. उपाय काय केला? सॉफ्टवेअर! अशा वेळी पार्किंग ब्रेक आपोआप लागेल असा प्रोग्रॅम टाकला, बोल्ट होता तसाच. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. तिथल्या वाहन सुरक्षा खात्याने या उपायावर चौकशी लावली आणि २०२३ मध्ये फोर्डला गाड्या पुन्हा बोलावून बोल्ट आणि बुश बदलून द्यावे लागले. माझं म्हणणं, आमचा "१२.९ लावा" हा उपाय फोर्डच्या जातीचा आहे. काहीतरी केल्याचं समाधान मिळतं, सांधा होता तसाच राहतो.

मी अपग्रेडच्या विरोधात नाही. इंजिनची ताकद वाढवली तर अॅक्सलचे बोल्ट बदलावेच लागतात, कारण मूळ फ्लॅंज मूळ टॉर्कसाठी केलेला असतो. पण मग बोल्ट बाहेरच्या वर्तुळावर न्या, किंवा कातरणारा भार घ्यायला डॉवेल पिना टाका. १२.९ च्या खाली कडक वॉशर द्या, नाहीतर अॅल्युमिनियमच्या फ्लॅंजमध्ये डोकं रुतून बसतं. आणि चकाकतो म्हणून झिंक प्लेटिंगवाला १२.९ आणू नका. प्लेटिंग करताना हायड्रोजन आत शिरला असेल तर आवळून ठेवलेला बोल्ट काही तासांनी, गाडी नुसती उभी असतानाही टचकन तुटू शकतो.

आता थोडं सरांसाठी. आपल्या कॉलेजमध्ये टॉर्क रेंच आहे. लॅबच्या कपाटात आहे, डेड स्टॉक रजिस्टरमध्ये आहे, आणि कपाटाची चावी सरांकडे आहे. हरवला तर भरपाई कोण करणार, ही भीती मला समजते. आमच्या हातून हरवलेल्या पान्यांची यादी मोठी आहे. पण त्यामुळे झालंय असं की वर्षातून एकदा तो प्रॅक्टिकलला दाखवण्यासाठी बाहेर येतो, आम्ही जर्नलमध्ये त्याची आकृती काढतो, सही होते आणि तो परत कपाटात. टेस्टिंग असतं रविवारी, लॅब बंद. म्हणून मी अंदाजाने आवळले. चूक माझीच आहे, चावी मागायला मी गेलोच नव्हतो. पण गेलो असतो तर मिळाली असती का, हे सरांनी सांगावं.

सध्या आम्ही एवढं केलंय. फ्लॅंजचा रंग खरवडून काढला आहे. नवे बोल्ट १७ ला आवळून, गाडी दहा मिनिटं फिरवून पुन्हा तपासले, दोन सैल निघाले. प्रत्येक बोल्टवरून फ्लॅंजपर्यंत पांढऱ्या पेंटची रेघ ओढली आहे. रेघ तुटलेली दिसली की गाडी बाहेर काढायची नाही. पिटमध्ये एक दोनशे पानी वही टांगली आहे. कोणता बोल्ट, किती टॉर्क, कोणी आवळला आणि सही. पहिल्या पानावर माझी सही आहे. टॉर्क रेंच तूर्तास मामांच्या ओळखीच्या गॅरेजमधून शनिवारी आणतो आणि सोमवारी परत करतो. तो फक्त सोमवारच्या लेक्चरआधी पोचवायला एक बाईकवाला हवा आहे.